तीनचा भोंगा

शाळाशाळांतून मला ‘पिशवीवाल्या बाई’ म्हणतात. नाव विचारायची तसदी फारसं कुणी घेत नाही आणि सांगायचा मलाही आता कंटाळा येतो. मी फिरती विशेष शिक्षिका. राहते पालघरला, आणि आठवड्याचे पाच दिवस बोईसर-तारापूरकडच्या शाळांतून हिंडते. एखाद्या मुलाच्या घरी काही भयंकर घडून गेलेलं असतं, आग, मारहाण, अपघात, आणि त्यानंतर ते मूल वर्गात धड बसत नाही, की शाळा मला बोलावते. मी जाऊन त्या मुलाजवळ बसते. माझ्या कामात याहून जास्त काही नाही. दिसायला तरी नाही.

पिशवीत काय असतं ते सांगते, कारण पुष्कळांना त्यात औषध असतं असं वाटतं. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून, आत चिंचणीच्या किनाऱ्यावरची तीनदा धुतलेली वाळू भरली आहे. ती मांडीवर ठेवायची. अंगावर थोडं वजन आलं की बिथरलेलं मूल जरा ताळ्यावर येतं. आधी मी तांदूळ भरले होते, पण घरात उंदीर झाले. एक प्लास्टिकची बाटली आहे, तिच्यात पाणी, डिंक आणि चमकीचा चुरा. हलवली की चमकी वर उठते आणि सावकाश खाली बसते. तेवढा वेळ मूल तिच्याकडे बघत राहतं आणि त्याचा श्वास आपोआप लांबतो. चावायला रबराची कडी. बोटं फिरवायला मखमल, गोणपाट, जुन्या साडीचा काठ. दाबायला पीठ भरलेला फुगा. सरकारी कागदावर याला ‘संवेदी साधने’ म्हणतात. माझी धाकटी बहीण ‘तुझं बोहारणीचं गाठोडं’ म्हणते, आणि तिचंच मला जास्त पटतं.

हे सगळं मला पालघरच्याच एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवलं. पडद्यावर मराठी होतं, पण इंग्रजीतून उचलून आणलेलं. घाबरलेलं मूल तीन गोष्टी करतं, असं तिथं लिहिलं होतं: लढा, पळा, गोठा. माझ्या शेजारच्या बाईंनी हात वर केला. "सर, लढा, पळा समजलं. पण गोठ्यात कशाला जायचं?" सगळा हॉल हसला. गोठा म्हणजे गोठून जा, जागच्या जागी थिजा, हे सरांनी समजावून सांगितलं, पण तोवर चहा आला होता. मी घरी येऊन बहिणीला सांगून सांगून हसले. एका शब्दाने केवढी गंमत केली, असं तेव्हा वाटलं होतं.

कुंभवलीच्या शाळेतून फोन आला तो पावसाळ्यात. मुख्याध्यापक होते. एक जागा कित्येक महिने रिकामी, त्यामुळे दुसरीचा वर्ग तेच सांभाळायचे. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. "बाई," ते म्हणाले, "आमच्याकडे एक पोरगी पळते."

एसटी उमरोळीपाशी रखडली, पुढे बोईसरला रिक्षासाठी थांबावं लागलं, आणि गुडघा दुखत होता. मी पोहोचले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. गुरुजींनी सगळं एका दमात सांगितलं. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. आईबाप विक्रमगडपलीकडच्या डोंगरातले, कामासाठी इकडे आलेले, कुंभवलीत चाळीत एक खोली भाड्याने घेऊन राहणारे. बाप रसायनांच्या एका कंपनीत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं आग लागली. स्फोटाचा आवाज चाळीपर्यंत आला, पत्रे हादरले, मुलगी तेव्हा दारातच खेळत होती. बाप भाजला. अकरा दिवस मुंबईच्या दवाखान्यात होता आणि तिथंच गेला. तिकडूनच त्याला गावी नेलं. मुलीला कुणी काही दाखवलं नाही, ती शेजारणीकडे ठेवली होती.

"आणि आता तीनचा भोंगा झाला की पळते," गुरुजी म्हणाले.

आमच्याकडच्या माणसाला भोंगा सांगावा लागत नाही. पहिली पाळी सातला लागते आणि तीनला सुटते. शाळेजवळच्या एका कंपनीचा भोंगा इतका मोठा, की गुरुजी फळ्यावर बेरीज करत असले तर हातचा विसरायचे. तो झाला की ही मुलगी वही टाकून उठायची आणि फाटकाकडे धाव घ्यायची. धरलं की किंचाळायची, चावायची. गुरुजींच्या मनगटावर दातांची खूण होती. एकदा ती हातातून सुटून थेट रस्त्यावर गेली होती, आणि एका टँकरवाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून ती वाचली.

"मला दुसऱ्यांदा तसं बघायचं नाही," गुरुजी म्हणाले. "दिवाळीपर्यंत थांबतो. नाही जमलं तर आईला सांगणार आहे, दाखला घेऊन जा."

मला त्यांचा राग आला, पण मनगटावरची ती खूण माझ्यासमोरच होती. दाखला काढला तर पुढे काय, ते त्याच दिवशी आईकडून कळलं. आई एका छोट्या कंपनीत पॅकिंगला जायची, नऊ ते पाच. त्या दिवशी अर्धी रजा टाकून आली होती. पंचविशीची असेल, पण चेहऱ्यावर झोप नव्हती. "शालंतनं काडली तं मी काय करू बाई," ती म्हणाली. "खोलीत एकटी ठेवू? मंग आश्रमशालंत टाकीन, गावाकडं. तितं भोंगा नाय." मग म्हणाली, "तिचा बापूस गेला. आता ती पन नाय दिसनार रोज."

म्हणजे एवढंच होतं. दिवाळीपर्यंत मुलगी तीन वाजता जागेवर बसली, तर मायलेकी एकत्र राहणार. नाही बसली, तर एक डोंगरात आणि एक चाळीत.

मुलगी आईला टेकून बसली होती. तेल लावून घट्ट वेण्या, पायात मोठ्या मापाच्या चपला. आई दवाखान्याचं सांगत होती. नवरा ओळखू येत नव्हता, पाणी मागायचा, द्यायला बंदी होती. मी मान हलवत ऐकत होते, आणि अशा वेळी जे तोंडातून निघतं तेच माझ्या तोंडातून निघालं. मी म्हणाले, "सुटला बिचारा."

"सगले तसंच बोलतात," आई म्हणाली. "मी पन तेच बोलते. सुटला."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पिशवीकडे बघतेय. मी पिशवी उघडली.

त्यानंतर मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुंभवलीला जायला लागले. मुलगी फार कमी बोलायची. वाळूची पिशवी मांडीवर ठेवली तेव्हा म्हणाली, "जड हाय," आणि परत दिली नाही. बाटलीत तिला रस नव्हता. मखमलीवर बोट फिरवून तिने ती बाजूला ठेवली, गोणपाट मात्र आवडलं. बापाच्या जेवणाच्या डब्याची पिशवी गोणपाटाची होती, हे मला आईने खूप नंतर सांगितलं. मी नोंदवहीत लिहिलं, ‘खरखरीत स्पर्श आवडतो’. काहीतरी लिहायचं असतं.

भोंग्यासाठी मी कानावर लावायचे, आवाज अडवणारे मोठे गोल आणले. लहान मुलांचे रंगीत मिळतात, पण बोईसरच्या बाजारात ते कुठले? कंपनीत मशीनवरचे कामगार लावतात तसलेच एका हार्डवेअरच्या दुकानातून आणले आणि पट्टा दोऱ्याने आवळून तिच्या डोक्याच्या मापाचे केले. मला वाटलं होतं, बिचकेल. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, हुंगले, आणि स्वतःच चढवले. गुरुजी खूश झाले. पण एक खोड तिला होती. मी दोन्ही कान झाकले की थोड्या वेळाने ती एक गोल वर सरकवायची, तो रस्त्याच्या बाजूचा. मी परत खाली ओढायची. ती परत वर. मी लिहिलं, ‘उजव्या कानाला त्रास कमी’. हे वाक्य अजून माझ्या वहीत आहे. मी ते खोडलेलं नाही.

शुक्रवारी ती शांत असायची. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी, भोंगा नाही. तीन वाजायचे, सव्वातीन वाजायचे, ती आपली पाढे लिहीत बसलेली. मी गुरुजींना म्हणाले, "बघा, आवाजाचीच भीती आहे. आवाज नाही तर काही नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." एवढा सरळ पुरावा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मी भलतीच हुशार आहे असं मला त्या दिवसांत वाटायचं.

मंगळवारी मात्र लढाई. पावणेतीन वाजले की मी तिला व्हरांड्यात घेऊन बसायची. वाळू मांडीवर, गोल कानांवर, माझा हात तिच्या पाठीवर सावकाश वरखाली. मी गुणगुणायची, कसलंही. भोंगा व्हायचा आणि ती ताठ व्हायची. मी दोन्ही हातांनी तिला माझ्याकडे दाबून धरायची. घट्ट मिठीने मूल शांत होतं, असं शिकवलंय. ती धडपडायची, रडायची, मग हळूहळू ढिली पडायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुढे गणपती झाले, नवरात्र आलं, आणि एका मंगळवारी तिने धडपड केलीच नाही. नुसती बसून राहिली. बोटं मात्र वाळूच्या पिशवीत इतकी रुतवली होती की शिवण उसवली. मी त्या शिवणीकडे कानाडोळा केला. घरी येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली, आणि किती दिवसांनी मला बरं वाटलं. मुलगी बसली होती. दिवाळीला अजून तीन आठवडे होते.

इतर दिवशी मी नसताना गुरुजी स्वतः धरून बसायचे. मी त्यांना शिकवलं होतं. दुसरीची बाकीची मुलं तेवढा वेळ पाटीवर चित्रं काढायची.

पुढच्या मंगळवारी पाच वाजता मी व्हरांड्यात पिशवी बांधत होते. मुलगी शेजारी बसून आईची वाट बघत होती. शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी कुलपात ठेवून निघाल्या होत्या. जाताजाता त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "सुटल्या का बाई?"

"सुटले एकदाची," मी म्हणाले.

मावशी गेल्या. मुलीने माझ्या हाताला बोट लावलं. आपणहून तिने मला कधी हात लावला नव्हता.

"तुमी सुटल्या. आता घरी जाल?"

"हो. पालघरला."

ती म्हणाली, "बाबा पन सुटला. आई बोलली. तुमी पन बोलल्या. मंग घरी का नाय येत?"

मी पिशवीची गाठ मारत होते ती तशीच राहिली.

"तीनला सुटतो ना तो," ती मला समजावून सांगायला लागली, जसं एखाद्या नव्या मुलाला शाळेचे नियम सांगतात. "उन्हाल्याच्या सुट्टीत मी रोडवर जायाची. सायकलवर बसवून घरी आनायचा. आता भोंगा व्हतो, मी जाते तं गुरुजी धरतात. तुमी पन धरता. तो येतो, मी नाय दिसत, मंग परत जातो कंपनीत."

तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. चार महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

मला तेव्हा एकेक गोष्ट दिसायला लागली, आणि कुठल्याच गोष्टीकडे बघवेना. भोंगा फाटकाच्या बाजूने यायचा. भ्यायलेलं मूल आवाजापासून लांब पळतं, कोपऱ्यात, बाकाखाली. ही आवाजाच्या दिशेने पळत होती. शुक्रवारी शांत असायची, कारण सुट्टीच्या दिवशी कुणी सुटत नाही. आणि तो एक कान ती उघडा ठेवत होती, कारण तिला भोंगा ऐकायचा होता. आणि मी तो झाकत होते. मुलगी बापाला भेटायला निघाली की मी तिच्या मांडीवर वाळू ठेवत होते, दोन्ही हातांनी तिला दाबून धरत होते, आणि वर वहीत लिहीत होते, ‘प्रगती आहे’. मला स्वतःची शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

बोईसरमध्ये ‘सुटला’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. पाळी सुटली, बस सुटली, तो सुटला का, मी आत्ताच सुटले. तिथं वाढलेल्या पोराला सुटणं म्हणजे घरी येणं, एवढंच माहीत. आणि आपण मोठी माणसं, अकरा दिवस तडफडून मेलेल्या माणसालाही तोच शब्द लावतो, आणि म्हणताना आपल्याला वाटतं की आपण दयाळू आहोत. माझी आई गेली तेव्हा मी स्वतः फोनवर पंधरा जणांना तेच सांगितलं होतं. सुटली.

आई आली. मुलीला फाटकाच्या आत थांबवून मी तिला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि सांगितलं. वाहनं जात होती, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून सांगता येत नाही. तिने पदराचं टोक दातांत धरलं.

"म्हंजे ती पलत नाय?"

"नाही. ती त्याला आणायला जाते."

ती तिथंच मोरीच्या कठड्यावर बसली. म्हणाली, "मला वाटलं व्हतं जरा. सनाला तिनं त्याचा शर्ट काडून ठेवला खाटेवर. मी काय नाय बोलले. बोलले, तिला वाटतं तं वाटू दे. एकीला तरी वाटू दे." मग माझ्याकडे बघून, "तुमी सांगा बाई. तुमी शिकलेल्या."

मला नाही सांगायचं होतं. मी थकले होते, आणि मला भीतीही वाटत होती. मी म्हणाले, आईनेच सांगायला हवं, मी शेजारी बसेन. पुस्तकातही तसंच लिहिलं आहे, पण मी पुस्तकासाठी म्हणाले नाही, स्वतःला वाचवण्यासाठी म्हणाले.

पण काय म्हणायचं? त्या संध्याकाळी एसटीत मी एकेक शब्द तपासत होते. गेला म्हणावं, तर कुठे गेला? गेलेला येतोच. देवाघरी गेला म्हणावं, तर तेही एक घरच, तिथून निघायला किती वेळ? वारला म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलीला कळायचं नाही. देवाने नेला, तर देव परत का आणत नाही? मराठीत माणूस मरतच नाही, नुसता इकडून तिकडे जातो. एकच शब्द खरा आहे, मेला, आणि तो आपण कुत्र्यामांजरांसाठी आणि शिव्यांसाठी ठेवला आहे.

शुक्रवारी मी शाळेत न जाता त्यांच्या खोलीवर गेले. आईलाही सुट्टी होती. एक खाट, एक शेगडी, भिंतीला टेकवलेली सायकल. मुलगी जमिनीवर बसून पाढे लिहीत होती. आईने मला चहा दिला आणि स्वतः खाली बसली, मुलीच्या समोर. मी पिशवी जवळ ठेवली होती.

"तुला काय सांगायचा हाय," आई म्हणाली. "बाबाचा."

मुलीने पेन्सिल ठेवली. "आज तं सुट्टी हाय."

"सुट्टी नाय. बाबा आता कंपनीत नाय. आग लागली व्हती ना, त्यात तो भाजला. दवाखान्यात मेला."

"सुटला ना?"

"सुटला नाय, बाय. मेला. आपली शेली मेली व्हती ना गावाला, तसा मेला. आता नाय येनार."

"कदीच?"

"कदीच नाय."

मुलगी आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. रागाने नव्हे, पण मला तिची नजर सोसली नाही. ती म्हणाली, "मंग सगली सुटला सुटला का बोलत व्हती?"

मी म्हणाले, "आमची चूक झाली." एवढंच बोलता आलं, आणि ते फार अपुरं होतं.

मग ती रडायला लागली. व्हरांड्यात रडायची तसं धडपडून नाही. आईच्या मांडीत तोंड खुपसून, पोटातून, थांबून थांबून. चार महिन्यांपूर्वी जे व्हायला हवं होतं ते आत्ता होत होतं. चाळीतल्या दोन बायका दारात आल्या. एक म्हणाली, "ए गो, गप कर तिला, आजारी पडंल." दुसरी मला म्हणाली, "बाई, तुमच्याकडं हाय ना ते, द्या ना काय तरी तिला, शांत व्हईल."

माझा हात सवयीने पिशवीकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

"काही नको द्यायला," मी म्हणाले. "रडू दे तिला."

दोन तास रडली. मध्ये आईही रडली, आणि खरं सांगायचं तर मीही. मग मुलगी झोपली. आईने तिच्या वेण्या सोडल्या, मी भांडं विसळलं आणि निघाले.

पुढचा मंगळवार दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा. आईने गुरुजींना सगळं सांगितलं होतं. मला बघून त्यांनी मनगट चोळलं. मी वर्गात मागे बसले. ती तिसऱ्या रांगेत होती. गुरुजी फळ्यावर हातच्याची वजाबाकी शिकवत होते. तीन वाजायला आले तसा त्यांचा आवाज बारीक झाला आणि ते दाराजवळ जाऊन उभे राहिले.

भोंगा झाला. नेहमीसारखाच लांब.

ती लिहीत होती. पेन्सिल थांबली, पण मान वर झाली नाही. भोंगा संपला तशी तिने पुढची ओळ लिहायला घेतली. बाहेर कामगारांच्या सायकली आणि बसेस जायला लागल्या, त्यांच्या घंटा, त्यांची बोलणी, सगळं आत ऐकू येत होतं. गुरुजी दारातून हलले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं. माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "जमलं हो, बाई. आता दाखल्याचा प्रश्नच नाही. तुमच्या साधनांबद्दल मी वरती लिहून कळवतो."

मी हो म्हणाले. मुलगी आईजवळ राहणार होती. त्यासाठीच तर मी चार महिने जिवाचं रान केलं होतं, तिनं तीन वाजता जागेवरून उठू नये म्हणून. आणि मी मागच्या बाकावर बसून तिच्या पाठीकडे बघत होते, आणि मनापासून वाटत होतं की एकदा, फक्त आज एकदा, तिनं उठावं. ती उठली नाही.